दारूचा स्फोट आणि अणूचा स्फोट

धाराशिव जिल्ह्याच्या परांडा तालुक्यांतील सोनारी हें आमचें गांव. काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळें व देवळाच्या परिसरांत निर्भयपणें वावरणाऱ्या माकडांमुळें तें आसपासच्या मुलुखांत सर्वांस ठाऊक आहे. त्यापलीकडे त्याची कीर्ति फारशी नाहीं. अणुस्फोटासारख्या विषयावरील लेखाचा आरंभ अशा गांवापासून व्हावा याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या प्रश्नाचा इतिहास आम्ही येथें सांगणार आहों, तो प्रश्न आम्हांस प्रथम याच गांवांत, देवळाजवळच्या पारावर विचारण्यांत आला. आणि त्या वेळीं आम्हांस त्याचें उत्तर देतां आलें नाहीं. त्यास आतां तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. ज्यांनीं तो विचारला ते हयात नाहींत. तरी राहून गेलेलें उत्तर कोठें तरी नोंदवून ठेवावें, एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

१९९३ सालच्या सप्टेंबरची ३० तारीख. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी झालेली. गणपति बोळवून लोक उशिरां निजलेले. पहाटे चार वाजण्याच्या सुमारास भुई हादरली. सोनारीपासून पूर्वेस सुमारें सव्वाशें किलोमीटरांवर, लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या आसपास, त्या कांहीं क्षणांत गांवेंच्या गांवें ढिगारा होऊन पडलीं. आमच्याच जिल्ह्याच्या पूर्व भागांत सास्तूरसारख्या गांवांची तीच गत झाली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरचें जड माळवद यांखालीं सांपडून हजारों माणसें निजल्या ठिकाणींच गेलीं. सोनारीस मात्र भांडीं वाजलीं, भिंतींचे पोपडे पडले, एवढ्यावरच निभावलें. आम्ही तेव्हां नुकतेच पदवीधर झालेले होतों व सणासाठीं गांवीं आलों होतों.

दोन दिवसांनीं पारावर बोलणें निघालें. आमचे एक थोरले चुलते होते. सारा गांव त्यांस नाना म्हणे. त्यांचें आयुष्य विहिरी खणण्यांत गेलेलें. खडकास भोंक पाडून सुरुंग ठासावा, वात पेटवावी आणि हांक देऊन दूर पळावें, हें काम त्यांनीं वर्षानुवर्षें केलेलें. ते म्हणाले, "बाळ, विहिरीत सुरुंग उडला की अशीच भुई हादरती. ह्यो मोठा सुरुंग, येवढंच. त्या पोखरणला उडवला न्हवं? तसाच कुठं तरी उडवला असंल."

आम्हीं म्हटलें, "नाना, तो भूकंप आहे. रेडिओवर सांगितलं."

"रेडिओवर सांगितलं म्हंजी झालं व्हय? आन् बाँब उडवला असता तर सरकारनं तसं सांगितलं असतं का तुला?"

आम्ही निरुत्तर झालों. त्या रात्रीं सारा गांव अंगणांत आणि खळ्यांवर निजला असतां नाना एकटे आपल्या माळवदाखालीं जाऊन निजले. त्यांचा तर्क सरळ होता. भूकंप असेल तर मागाहून आणखी धक्के येतील. सुरुंग असेल तर तो उडून गेला, आतां भीति कसली? म्हणजे हा वाद नुसता पारावरच्या फुरसतीचा नव्हता. कोणत्या छपराखालीं निजावें हें त्यावर ठरत होतें. सुदैवानें घर उभें राहिलें. पण तें सुदैवानें. आमच्या विद्येनें नव्हे.

नानांच्या बोलण्यांत दोन निरनिराळे प्रश्न होते. पहिला असा कीं, मोठा हादरा आणि मोठा आवाज यांवरून त्यांचें कारण ओळखतां येतें काय? दुसरा असा कीं, ज्यांच्या हातीं खरें सांगणें आहे तेच लपवीत असतील तर सामान्य माणसानें काय करावें? दोन्ही प्रश्नांस गेल्या शंभर वर्षांचा इतिहास उत्तर देतो, आणि तीं उत्तरें परस्परांशीं निगडित आहेत.

सोनारीच्या माणसास स्फोटाचा धाक नवा नाहीं. तालुक्याच्या गांवीं परांड्याचा किल्ला आहे. विजापूरची प्रख्यात 'मलिक-ए-मैदान' तोफ मूळची विजापूरची नव्हे. ती १५४९ सालीं अहमदनगरीं ओतली गेली, पुढें परांड्याच्या किल्ल्यावर होती, आणि तेथून १६३२ सालीं मुरारपंतांनीं ती विजापुरास नेली. ती डागणारा गोलंदाज कान फुटूं नयेत म्हणून जवळच्या हौदांतील पाण्यांत बुडी मारून बसे, असें सांगतात. ही आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यांत एक मर्म आहे. स्फोट समीप असला कीं माणसाची ज्ञानेंद्रियें साक्षीदार राहत नाहींत. तीं स्वतःच जखमी होतात. म्हणून स्फोटाविषयीं सर्वांत जवळच्या माणसाची जबानी पुष्कळदां सर्वांत कमी उपयोगी ठरते.

याचें मोठें उदाहरण आपल्या मुंबईंतच घडलें. १४ एप्रिल १९४४ या दिवशीं दुपारीं व्हिक्टोरिया गोदींत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजास आग लागली. जहाजावर सुमारें १४०० टन स्फोटक द्रव्यें व दारूगोळा होता, आणि कराचीस भरलेल्या कापसाच्या हजारों गांठी त्याच जहाजांत होत्या. चार वाजून गेल्यावर पहिला महास्फोट झाला, व सुमारें अर्ध्या तासानें दुसरा. गोदींतील 'जलपद्म' नांवाचें जहाज पाण्यांतून उचललें जाऊन धक्क्यावरील गुदामावर आदळलें. जळत्या कापसाचे बोळे शहरावर पडून दूरदूरच्या वस्त्यांस आगी लागल्या. मृतांचा आंकडा निरनिराळ्या नोंदींत आठशेंपासून तेराशेंपर्यंत सांपडतो. आग विझवतांना बंबवाल्यांपैकीं ६६ जण कामास आले, आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. तिकडे दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावरही या स्फोटाची नोंद उमटली.

लोकांस काय वाटलें? जपानी आले, असें वाटलें. महायुद्ध चालू होतें. आवाज, धूर आणि आग यांचा अर्थ लोकांनीं मनांत आधींच असलेल्या भीतीच्या शब्दांत लावला. सरकारनें वृत्तपत्रांवर बंदी घातली. मुंबईची ही वार्ता मोकळेपणें छापण्यास मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडावा लागला. परंतु जपान्यांच्या ताब्यांतील सायगांव नभोवाणीनें ती दुसऱ्याच दिवशीं जगास सांगितली होती! ज्यांच्या घरावर राख पडली त्यांस आपलें सरकार कांहीं सांगत नाहीं, आणि शत्रु मात्र सांगतो, अशी ही स्थिति. हाच अपघात सोळा महिन्यांनीं, हिरोशिमानंतर झाला असता, तर त्याच धुरास लोक निःसंशय अणुबॉम्ब म्हणाले असते.

आणि तें म्हणणें खोडून काढण्यास पुरावा कोठें मिळाला असता? तो स्फोटाच्या आवाजांत नव्हता; तो त्यानें उडवलेल्या वस्तूंत होता. 'फोर्ट स्टिकिन'वर पेट्यांतून सोन्याच्या सव्वाशेंच्या सुमारास विटा होत्या. त्यांपैकीं एक वीट उडून दूरच्या एका पारशी गृहस्थाच्या घराचें छप्पर फोडून आंत पडली, आणि त्यांनीं ती सरकारास परत केली. पुढें गोदींतील गाळ उपसतांना कांहीं विटा हातीं लागल्या. अगदीं २०११ सालींही दोन सांपडल्या. वीट वीटच राहिली, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे.

दारू म्हणजे रासायनिक स्फोटक द्रव्य; मग तें सोरा, गंधक व कोळसा यांचें जुनें मिश्रण असो कीं आधुनिक टी.एन.टी. असो. तिच्या स्फोटांत अणूंची मांडणी बदलते, पण अणु तेच राहतात. उष्णता फार तर कांहीं हजार अंशांपर्यंत चढते; शक्तीचा मुख्य भाग हवेच्या धक्क्यांत खर्च होतो. अणुस्फोटांत खुद्द अणूचा गर्भच फुटतो. एक किलो युरेनियमचे सर्व अणु फुटले तर सुमारें १७ हजार टन टी.एन.टी.एवढी शक्ति मोकळी होते, आणि ती इतक्या लहान जागेंत व इतक्या अल्प काळांत कीं उष्णता कोट्यवधि अंशांवर जाते. तेथें धातूच्या वस्तु उडून पडत नाहींत, त्यांची वाफ होते. १६ जुलै १९४५ रोजीं अमेरिकेंतील न्यू मेक्सिको प्रांताच्या वाळवंटांत पहिला अणुबॉम्ब शंभर फूट उंच पोलादी मनोऱ्यावर ठेवून उडवला. मनोरा नाहींसा झाला आणि भोंवतालच्या वाळूची हिरवट कांच झाली. मुंबईच्या त्या सोन्याच्या विटेची साक्ष अशी आहे कीं, येथें धक्का प्रचंड होता, परंतु सूर्य उगवला नव्हता.

त्या वाळवंटांतील पहिल्या स्फोटासंबंधीं दुसरी एक गोष्ट मुंबईच्या गोष्टीशेजारीं ठेवण्यासारखी आहे. आसपासच्या गांवांतून तो प्रकाश पाहून लोक चौकशी करूं लागले, तेव्हां तेथील विमानतळाच्या अधिकाऱ्यांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, दूरच्या एका कोठारांतील दारूगोळा व शोभेची दारू यांचा स्फोट झाला. म्हणजे जगांतील पहिला अणुस्फोट लोकांपुढें दारूचा स्फोट म्हणूनच आला. नानांनीं ही हकीकत ऐकली असती तर "मी काय सांगत हुतो?" असें ते म्हणाले असते, आणि आम्हांस मान डोलवावी लागली असती.

तीन आठवड्यांनीं, ६ ऑगस्टला, हिरोशिमावर बॉम्ब पडला. हा अणुबॉम्ब आहे असें अमेरिकेच्या अध्यक्षांनीं जाहीर केलें, पण जपानी सेनाधिकाऱ्यांस तें शत्रूचें ढोंग वाटलें. तेव्हां योशिओ निशिना या पदार्थविज्ञानवेत्त्यास ८ ऑगस्टला तिकडे पाठविण्यांत आलें. पडलेलीं घरें पाहून कांहीं ठरत नव्हतें. घरें तर साध्या बॉम्बांनींही पडतात. निर्णायक साक्ष निघाली ती रेड क्रॉसच्या इस्पितळांतील क्ष-किरणांच्या फिल्मांपाशीं. अंधारांत, वेष्टणांत बंद असलेल्या त्या फिल्मा काळ्या पडल्या होत्या. उजेड न लागतां त्या काळवंडल्या, म्हणजे भिंती भेदून जाणारें कांहीं तरी तेथून गेलें होतें. मातींतही किरणोत्सर्ग सांपडला. १० ऑगस्टच्या बैठकींत निर्णय झाला कीं हा अणुबॉम्बच. ज्या खुणेनें तो ओळखला गेला तिला आवाज नव्हता आणि डोळ्यांस ती दिसतही नव्हती.

तेव्हांपासून या ओळखीचें एक शास्त्रच निर्माण झालें. २९ ऑगस्ट १९४९ रोजीं रशियानें आपला पहिला अणुस्फोट गुप्तपणें केला. ३ सप्टेंबरला कामचाटकाच्या पूर्वेकडून उडणाऱ्या एका अमेरिकन विमानानें हवा गाळणारे कागद आणले, आणि त्यांवरील सूक्ष्म धुळींत अणु फुटल्यानंतरच उत्पन्न होणारीं द्रव्यें सांपडलीं. २३ सप्टेंबरला अध्यक्ष ट्रूमन यांनीं तें जाहीर केलें. त्यावर रशियाच्या सरकारी वृत्तसंस्थेनें जो खुलासा केला, तो आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार मनोरंजक आहे. आमच्या देशांत धरणें, कालवे, खाणी व रस्ते यांचीं मोठीं कामें चालू आहेत, त्यांसाठीं मोठे सुरुंग लावावे लागतात, असा त्याचा मथितार्थ होता. म्हणजे विहिरीच्या सुरुंगाची उपमा नानांनीं एकट्यांनींच योजिली होती असें नाहीं! पण खुलासा कितीही चतुर असला तरी गाळणाच्या कागदावरील धूळ त्यास बधली नाहीं. सुरुंगाच्या धुरांत तसली धूळ सांपडत नाहीं.

दुसरी खूण प्रकाशाची. हवेंतील अणुस्फोट एकदां नव्हे, दोनदां लखलखतो. पहिली लखलख क्षणाच्या सहस्रांशाएवढी. मग धक्क्यानें तापलेली हवा स्वतःच पडद्यासारखी अपारदर्शक होऊन आंतला तेजोगोल झांकते. ती निवली कीं पडदा दूर होतो आणि दुसरी, अधिक दीर्घ लखलख दिसते. दारूच्या स्फोटांत एवढी उष्णताच नसल्यानें असला पडदा बनत नाहीं. ही दुहेरी लखलख टिपणाऱ्या यंत्रास फ्रेडरिक राइन्स या अमेरिकन शास्त्रज्ञानें 'भांगमीटर' असें नांव दिलें, आणि त्यांतील भांग ही आपलीच भांग आहे. असलें यंत्र चालेल असें मानणारा मनुष्य भांग प्यालेला असला पाहिजे, असा तो विनोद होता. यंत्र मात्र चाललें. तरी तेंही सर्वज्ञ नव्हे. २२ सप्टेंबर १९७९ रोजीं एका अमेरिकन उपग्रहानें दक्षिणेकडील समुद्रावर अशी दुहेरी लखलख टिपली. तो कोणाचा गुप्त अणुस्फोट होता कीं उपग्रहाचाच दृष्टिभ्रम होता, हा वाद अजून चालू आहे. लखलखीस धुळीचा दुजोरा मिळाला असता तर वाद उरला नसता. एकट्या साक्षीदारावर निकाल देऊं नये, हा न्यायालयाचा नियम येथेंही लागू पडतो.

१९६३ च्या करारानें हवेंत, पाण्यांत व अंतरिक्षांत स्फोट करण्यास बंदी झाली, आणि करार करणारीं राष्ट्रें जमिनीखालीं गेलीं. आतां प्रकाश दिसेना व धूळही सहसा बाहेर येईना. उरला तो भुईचा हादरा, म्हणजे नानांचा प्रांत. त्या हादऱ्याची परीक्षा करण्यासाठीं जगांत ठिकठिकाणीं यंत्रांच्या रांगा उभारण्यांत आल्या. त्यांतील एक आपल्या देशांत, कर्नाटकांतील गौरीबिदनूर येथें, १९६५ सालीं बसविण्यांत आली.

या यंत्रांनीं पहिला भेद केला तो भूकंप आणि स्फोट यांतील. विहिरींत सुरुंग उडतो तेव्हां तो खडकास चोहोंकडे बाहेर ढकलतो. म्हणून भोंवतालच्या सर्व यंत्रांवर पहिली हालचाल बाहेरच्या ढकलीची उमटते. भूकंपांत खडकाचे दोन भाग जात्याच्या दोन दगडांसारखे एकमेकांवरून सरकतात. म्हणून कांहीं दिशांस पहिली ढकल बाहेरची, तर कांहीं दिशांस आंतली ओढ. सरकण्यामुळें भूकंपांत आडव्या हेलकाव्याच्या लाटा जोरदार असतात. स्फोटांत त्या मानानें दुबळ्या. शिवाय भूकंपाचें मूळ बहुधा कित्येक किलोमीटर खोल असतें, जेथें कोणीही बॉम्ब पुरूं शकत नाहीं. किल्लारीच्या हादऱ्यावर या सर्व कसोट्या लावल्या गेल्या, आणि प्रत्येकीचें उत्तर भूकंप हेंच आलें. त्याची तीव्रता ६.२ होती, ११ मे १९९८ च्या पोखरणच्या स्फोटांची परदेशांतील नोंद सुमारें ५.२ भरली. हीं मापें अगदीं एकाच रीतीचीं नसलीं तरी अंदाज येतो. कारण या मापांत एक अंक वाढला कीं शक्ति सुमारें बत्तीसपट होते. शिवाय किल्लारीस लहान धक्के व भूगर्भांतील आवाज आदल्या वर्षापासून चालू होते आणि मागाहूनही येत राहिले. सुरुंग वर्षभर आधीं सूचना देत नाहीं.

येथवर आमचें उत्तर पुरें होतें, परंतु एक अडचण उरते, आणि ती झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. यंत्रास भूकंप व स्फोट यांतील भेद कळतो. पण दारूचा स्फोट आणि अणूचा स्फोट यांतील भेद कळतो काय? किल्लारीच्या भूकंपाआधीं बरोबर आठ दिवस, २२ सप्टेंबर १९९३ रोजीं, अमेरिकेच्या नेव्हाडा प्रांतांत नेमका हाच प्रयोग झाला. पूर्वीं जेथें अणुस्फोट केले होते त्याच डोंगरांत, सुमारें पंधरा मीटर व्यासाच्या भुयारी खोलींत तेरा लक्ष किलोच्या आसपास रासायनिक स्फोटक द्रव्य भरून तें एकदम उडविण्यांत आलें, आणि त्याच्या लाटा जुन्या अणुस्फोटांच्या लाटांशीं ताडून पाहण्यांत आल्या. दूरच्या यंत्रांवर दोहोंत फरक सांपडला नाहीं. भुईस हादरा समजतो, त्याची जात समजत नाहीं. खाणींतले सुरुंग वेगळे ओळखूं येतात तें ते ओळीनें, क्षणाक्षणाच्या अंतरानें उडवितात म्हणून. सारा माल एकदम उडविला तर तीही खूण जाते.

म्हणजे पारावरच्या वादांत नाना निम्मे बरोबर होते. मोठा सुरुंग आणि बॉम्ब यांत भुईला भेद करतां येत नाहीं, हें त्यांचें अनुभवाचें ज्ञान नेव्हाडाच्या प्रयोगानें खरें ठरविलें. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. भूकंपही त्याच मापानें मोजला तेथें.

मग जमिनीखालील अणुस्फोटाची शेवटची खूण कोणती? ती खडकाच्या भेगांतून हळूहळू वर झिरपणाऱ्या वायूंत असते. अणु फुटतो तेव्हां झेनॉन नांवाच्या उदासीन वायूचे किरणोत्सर्गी प्रकार उत्पन्न होतात. तो कोणत्याही द्रव्याशीं सहसा संयोग पावत नाहीं, म्हणून मातींत अडकत नाहीं. ९ ऑक्टोबर २००६ रोजीं उत्तर कोरियानें अणुस्फोट केल्याचें जाहीर केलें, पण हादरा इतका लहान होता कीं, दारूचीं पोतीं उडवून बतावणी केली असावी अशी शंका व्यक्त झाली. अमेरिकेनें हवेचे नमुने घेऊन त्यांत किरणोत्सर्गी द्रव्यें असल्याचें थोड्याच दिवसांत सांगितलें. पुढें सुमारें दोन आठवड्यांनीं दूर कॅनडांतील यलोनाइफ येथील केंद्रावर झेनॉनचा क्षीण अंश सांपडला, आणि वाऱ्याच्या मार्गाचा हिशेब मागें नेला असतां तो कोरियाकडेच पोंचला. अणुभट्ट्यांतूनही हा वायु सुटतो, म्हणून त्याच्या निरनिराळ्या प्रकारांचें प्रमाण पाहावें लागतें; तथापि दारूच्या स्फोटांतून तो कधींही निघत नाहीं. उलट, कांहीं न सांपडणें हा मात्र पुरावा नव्हे. १३ मे १९९८ रोजीं भारतानें दोन अगदीं लहान अणुस्फोट केल्याचें जाहीर केलें. परदेशांतील यंत्रांस त्यांचा हादरा लागला नाहीं.

या खुणा ठाऊक असल्या म्हणजे लोकांत उठणाऱ्या आवया निवडतां येतात. १७ जुलै १९४४ रोजीं कॅलिफोर्नियांतील पोर्ट शिकागो येथें दारूगोळा भरतांना स्फोट होऊन ३२० माणसें मेलीं. पुढें कित्येक वर्षांनीं, तो गुप्त अणुबॉम्बच होता, असें प्रतिपादन झालें. पण तेथें किरणोत्सर्गाची खूण नाहीं, आणि त्या महिन्यांत बॉम्ब बनविण्याइतकें युरेनियमच अमेरिकेपाशीं शुद्ध झालेलें नव्हतें. ४ ऑगस्ट २०२० रोजीं बैरूतच्या बंदरांत २७५० टन अमोनियम नायट्रेट उडालें, दोनशेंहून अधिक माणसें गेलीं, आणि छत्रीच्या आकाराचा ढग पाहून जगभर 'अणुबॉम्ब' असा हाकाटा झाला. छत्रीचा आकार ही अणूची खूण नव्हे. तापलेला वायु वेगानें वर चढूं लागला कीं तो धूळ ओढीत ओढीत तसाच आकार घेतो. १९१७ च्या डिसेंबरांत कॅनडांतील हॅलिफॅक्स बंदरांत दारूगोळ्याचें जहाज उडालें, तेव्हांही असाच ढग उठला होता, आणि त्या वेळीं अणुबॉम्बाची कल्पनाही व्यवहारांत नव्हती. बैरूतचा तो पांढरा घुमट म्हणजे दमट हवेंतील वाफेचें क्षणिक धुकें, आणि मागचा तांबडा-नारिंगी धूर नायट्रोजनच्या एका ऑक्साइडचा. डोळे दिपविणारी लखलख नव्हती, किरणोत्सर्ग नव्हता.

आतां नानांचा दुसरा प्रश्न. सरकार खरें सांगेल कशावरून? यास आमचें उत्तर असें कीं, सांगेलच असें नाहीं. मुंबईचें सरकार बोललें नाहीं. न्यू मेक्सिकोचे अधिकारी खोटें बोलले. रशियानें धरणांच्या सुरुंगांचें निमित्त सांगितलें. नानांचा अविश्वास इतिहासास धरूनच होता. परंतु इतिहास याच ठिकाणीं थांबत नाहीं. हादऱ्याची लाट राष्ट्राच्या सीमेवर परवाना दाखवीत नाहीं, आणि वाऱ्यावरचा झेनॉन कोणत्याही मंत्रालयाची आज्ञा मानीत नाहीं. किल्लारीची लाट ज्या यंत्रांवर उमटली तीं यंत्रें आपल्या मित्रांचीं होतीं तशीं आपल्यावर डोळा ठेवणाऱ्यांचींही होतीं. भारतानें गुपचूप बॉम्ब उडविला असता तर तें ओरडून सांगण्यांत ज्यांचा लाभ होता, त्या सर्वांनीं एकमुखानें भूकंपच म्हटलें. एका सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची यांत गरजच नाहीं. ज्यांचे हितसंबंध परस्परविरुद्ध आहेत, अशा अनेकांनीं स्वतंत्रपणें तीच नोंद केली, हा पुरावा पुरेसा आहे. १९९६ च्या सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराची देखरेख याच तत्त्वावर उभी आहे. भूमि, समुद्र, हवा आणि वायूंतील किरणोत्सर्ग अशा चार वाटांनीं ती साक्ष गोळा करते. तो करार अद्याप अमलांत आलेला नाहीं, आणि भारतानें त्यावर सही केलेली नाहीं. पण यंत्रें चालू आहेत.

आमच्या जिल्ह्यांत आजही अधूनमधून आकाशांतून मोठा आवाज होतो, तावदानें थरथरतात, आणि पारावर तर्क सुरू होतात. ध्वनीहून वेगानें जाणारें विमान असा आवाज करतें. हवेंतील आवाजास एक किलोमीटर चालण्यास सुमारें तीन सेकंद लागतात. भुईंतील पहिली लाट तेवढ्याच वेळांत पंधरा-अठरा किलोमीटर जाते. किल्लारीहून सोनारीस हादरा वीस-बावीस सेकंदांत पोंचला असेल; तेथील आवाज हवेंतून यावयाचा असता तर सहा मिनिटें लागलीं असतीं. एवढा साधा हिशेब त्या दिवशीं आम्हांस सुचला असता, तर निदान बोलण्यास आरंभ करतां आला असता. नाना हिशेबास पक्के होते. विहिरीचा सुरुंग पेटवून किती पावलें पळावें हें त्यांस बोटांवर मोजतां येई. मग कदाचित् त्यांनीं त्या रात्रीं आपली घोंगडी उचलून खळ्यावर आणली असती.